सेबूची मजुरी

वीरसिंगच्या ओट्यावर रोज दिवेलागणीला भांडण व्हायचं, आणि ते कानी पडावं म्हणून दिवली नेमकी त्याच वेळी दळायला बसायची. खरं तर दळायची वेळ पहाटेची. पण पहाटे भांडण कुठून आणायचं? तेव्हा हिलाल मास्तर घोरत असायचे आणि सेबू ओढ्यापलीकडे आपल्या खोपीत असायचा. म्हणून पोरीनं दळणच संध्याकाळवर ढकललं. फुलीबाई, म्हणजे वीरसिंगची बहीण, दिवलीची फुई, यावरून रोज कुरकुर करायची आणि दिवलीचं जातं तेवढ्यापुरतं जोरात फिरायचं.

भांडण असायचं इंग्रजीवरून. धडगावापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर, सातपुड्याच्या घडीत लपलेला पावरा लोकांचा पाडा, तिथं इंग्रजीवरून भांडण कसलं, असं कुणीही विचारील. पण व्हायचं खरं. हिलाल मास्तर खाली ब्राह्मणपुरीकडचे, लोकल बोर्डाच्या शाळेवर या डोंगरात येऊन पडलेले. मॅट्रिकला दोनदा आपटले होते, पण इंग्रजीत नव्हे, गणितात. हे ते न विचारता सांगायचे. वीरसिंगच्या ओट्याच्या टोकाला कुडाची एक खोली होती, तिथं ते राहायचे आणि वीरसिंगच्याच घरी जेवायचे. इंग्रजी बोलायला समोर माणूस मिळावा म्हणून त्यांचा जीव नुसता तळमळायचा, आणि देवानं माणूस दिला तो असला.

सेबूचं खरं नाव एउसेबियो. ते पाड्यात कुणाच्या तोंडात मावेना, तेव्हा जेवढं चावता आलं तेवढं ठेवलं. तो स्पेन नावाच्या मुलखाचा, बोटीवरच्या इंजिनाचा माणूस. बोट मुंबईला लागली आणि तिकडे त्याच्या मुलखात भावाभावांत लढाई पेटली. बोट विकली गेली, खलाशी पांगले. तळोद्याच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं त्याला लाकूड कापायचं वाफेचं यंत्र सांभाळायला डोंगरात आणलं. सेबूला परत दर्यावर जायचं होतं. पण बोटीवर नोकरी मिळायची तर साहेबाशी धड इंग्रजीत बोलता यायला हवं, आणि याचं इंग्रजी ऐकलं की साहेब लोक घड्याळ पाहायला लागायचे. नावं सगळ्या वस्तूंची यायची त्याला. क्रियापदं आली की गाडी रुतायची.

त्याच्या भाषेत जिथं एका शब्दात भागायचं, तिथं इंग्रजांनी दोन-दोन, तीन-तीन शब्द करून ठेवलेले. 'डू' कधी आणि 'मेक' कधी, 'से' कुठं आणि 'टेल' कुठं, यावर मास्तरांनी आख्खा पावसाळा घसा कोरडा केला. आणि सगळ्यात मोठं भांडण 'वेट' आणि 'होप'चं. सेबू म्हणायचा, आय होप द कार्ट. मास्तर कपाळाला हात लावायचे. गाडीची वाट पाहायची बाबा, पावसाची आशा करायची, दोन्ही एक कशी होतील? सेबूचं म्हणणं, आमच्याकडे दोन्हीला मिळून एस्पेरार हा एकच शब्द आहे आणि तो पुरतो. ज्याला आशाच नाही तो माणूस वाट पाहत बसेल कशाला? मास्तर उसळून म्हणाले की सरकारी नोकरीत ये म्हणजे कळेल, मी चार पावसाळे बदलीची वाट पाहतोय आणि आशा एका दिवसाची केलेली नाही. रागावले की ते सरळ अहिराणीत उतरायचे आणि आभाळाकडे पाहून म्हणायचे, "आरे देवा, हाऊ माणूस काय करी ऱ्हायना!"

दिवलीला हे सगळं मास्तर दुसऱ्या दिवशी जेवताना पावरीत समजावून सांगायचे, कारण मास्तरांना सांगितल्याशिवाय अन्न पचायचं नाही. ती ऐकून घ्यायची आणि मनातल्या मनात सेबूच्या बाजूनं व्हायची.

आता ती सेबूच्या बाजूची कशी झाली, ते सांगायला हवं. वीरसिंगला मुलगा नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मोहाच्या झाडावरून पडून त्याचा एक पाय कायमचा अधू झाला होता. घरात बहीण आणि ही एक पोर. दिवलीला दोन ठिकाणांहून मागणं आलं, पण वीरसिंगनं साफ सांगितलं, पोर बाहेर देणार नाही, जो येऊन माझ्या घरात राबेल त्याला देईन. घरजावई म्हणून राबायला कोण येतो? ज्याच्या घरी काही नाही तो. आणि तसाही कुणी आला नाही. दिवली तेवीस-चोवीस वर्षांची झाली आणि पाड्यातल्या बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या.

त्या साली पाऊस लागला तसं यंत्र बंद पडलं. ठेकेदार खाली निघून गेला, मजूर गेले, आणि राखणीला म्हणून सेबू एकटा खोपीत राहिला. धान्य संपलं तेव्हा मास्तर त्याला जेवायला घेऊन आले. एका सकाळी वीरसिंग लंगडत लंगडत औत धरायला निघाला होता. सेबूनं त्याच्या हातातून औत काढून घेतलं. बापजन्मी औत धरलेलं नव्हतं त्यानं. औताचं पहिलं तास असं वाकडं गेलं की बांधावरच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. पण तो थांबला नाही. पेरणी झाली, निंदणी झाली, कुंपण झालं, गळकं छप्पर शाकारलं. मका भरला तेव्हा शेतातल्या माळ्यावर बसून पोपट हाकलले. मजुरी मागितली नाही. दोन वेळ जेवायचा, संध्याकाळी क्रियापदं शिकायचा आणि ओढा ओलांडून निघून जायचा. त्याच्या मनात हिशेब सरळ होता, जेवतो म्हणून काम करतो.

पाड्याचा हिशेब वेगळा होता. ज्या घरात लग्नाची पोर आहे आणि मुलगा नाही, त्या घरात एखादा माणूस येऊन बिनमजुरीचा राबू लागला तर त्याचा अर्थ पाड्यात एकच होतो, आणि तो दुधपित्या पोरालाही ठाऊक असतो. त्याबद्दल कुणी तोंडानं बोलत नाही. बोललं की नजर लागते. सगळे गप्प राहून बघतात, माणूस टिकतो का पळतो. होळीच्या आदल्या दिवशी कारभारी आणि चार जाणती माणसं अंगणात येऊन बसतात. पोरीनं त्याच्या हातात पाण्याचा लोटा दिला की ठरलं, होळीनंतर लग्न. आणि एक गोष्ट वर्षभर कटाक्षानं पाळायची, त्याला मजुरी म्हणून दाणासुद्धा द्यायचा नाही. मजुरी दिली की तो मजूर झाला. मग त्याचा त्या घराशी संबंध उरला नाही, त्यानं आपली वाट धरावी.

म्हणजे पाहा, आख्ख्या पाड्याला ठाऊक होतं की सेबू दिवलीसाठी राबतोय. फक्त सेबूला ठाऊक नव्हतं.

दिवलीला वाटायचं त्याला कळलंय. कळल्याशिवाय कुणी असं चिखलात उतरतं का? ती निंदायला बसली की त्याच्याकडे पाहायची नाही, पण तो कुठल्या तासात आहे हे तिच्या पाठीला कळायचं. तो बैलांशी त्याच्या मुलखाच्या भाषेत बोलायचा आणि बैल ऐकायचे, याचं तिला फार नवल होतं. भाद्रपदात ढग घरात शिरतात तिकडे. जात्याजवळ बसलं तरी चूल दिसत नाही, सगळं पांढरं, ओलसर, अर्ध्या झोपेतल्यासारखं. त्या दिवसांत तिनं ओट्यावरून आलेले शब्द एकेका वस्तूला वाटून टाकले. ओढ्याकाठी एका पायावर उभा असायचा तो बगळा 'वेट'. मक्याच्या कणसाला फुटलेले तांबूस केस म्हणजे 'होप'. स्वतःसाठी तिनं दोन्हींतला एकही घेतला नाही, कारण तिला कुठला लागू होतो ते ठरत नव्हतं.

एकदा सेबूनं खिशातून कापडात गुंडाळलेला फोटो काढला आणि तिला म्हणाला, आय टीच यू माय हाऊस. मास्तर ओट्यावरून ओरडले, शो, शो, टीच नव्हे! पण तोवर तिनं फोटो हातात घेतला होता. दगडी घर, दारापुढे उपड्या घातलेल्या नावा, आणि काळ्या कपड्यातली एक म्हातारी. ती त्याची आई, हे न सांगता कळत होतं, नाक तेच. मागे काहीतरी सपाट, रिकामं पसरलेलं होतं. ते काय, तिनं बोटानं विचारलं. दर्या, मास्तर म्हणाले. दिवलीनं तापीसुद्धा पाहिलेली नव्हती. दर्या केवढा असतो, असं तिनं विचारलं तेव्हा मास्तरांनाही सांगता येईना, कारण खरं म्हणजे मास्तरांनीही तो पाहिला नव्हता.

दोन-चार दिवसांनी ती सकाळी सरपण आणायला टेकाच्या कडेला गेली, तर सेबू तिथं उभा होता. खालची सगळी दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. पाडे नाहीत, झाडं नाहीत, ओढा नाही, फक्त लांबलांबचे डोंगरमाथे वर निघालेले आणि मध्ये पांढरं पाणी संथ हलत होतं. त्यानं हातानं ते सगळं दाखवलं आणि तिच्या भाषेत, चुकत माकत म्हणाला, "एवढा." दोघं तिथं उभे राहिले. ऊन चढलं, दर्या फाटत गेला, खालचे पाडे एकेक करून दिसू लागले. ती सरपण न घेताच घरी आली आणि फुईच्या शिव्या खाल्ल्या. तिला त्या गोड लागल्या. आपल्याला हा माणूस हवा, हे तिला त्या सकाळी कळलं.

कार्तिकात एक गोंधळ झाला. शिकताना सेबू एकदम म्हणाला, आय लूज माय मदर. त्याला म्हणायचं होतं आईची आठवण येते. इंग्रज त्याला 'मिस' म्हणतात, गाडी चुकली तरी 'मिस'च म्हणतात, आणि याच्या भाषेत गाडी चुकणं आणि हरवणं यांना एकच शब्द. मास्तरांनी मात्र फुई विचारत होती म्हणून तिला भाबडेपणानं सांगून टाकलं की याची आई गेली. झालं. दुसऱ्या सकाळी आख्खा पाडा ओढा ओलांडून सेबूच्या खोपीपुढे येऊन बसला. कुणी बोललं नाही. पाड्यात अशा वेळी बोलत नाहीत, नुसतं बसतात. कुणी मक्याचं पीठ आणलं, कुणी कोंबडी. मास्तरांच्या ध्यानात चूक आली तेव्हा त्यांनी लोकांना हात जोडून सांगितलं, म्हातारी जिवंत आहे. लोक उठायला लागले. पण सेबूनं त्यांना बसवलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. लढाई सुरू झाल्यापासून त्याला घरची खबर नव्हती. दिवलीही बायकांत बसून रडली, आणि कुणासाठी रडली हे कुणी विचारलं नाही.

पौषात यंत्र सुरू झालं. सेबू दिवसा यंत्रावर जायचा, तरी सकाळी आणि सांजेला वीरसिंगचं काम सोडायचा नाही. माघात जंगलाचे साहेब धडगावच्या बंगल्यावर उतरले. मास्तर सेबूला घेऊन गेले आणि परत आले ते छाती फुगवूनच. सेबूनं साहेबाशी बराच वेळ बोलणं केलं होतं आणि 'वेट' एकदाही चुकला नव्हता. साहेबानं मुंबईच्या गोदीत शब्द टाकायचं कबूल केलं. होळी झाली की ठेकेदाराच्या गाडीतून तळोद्याला, तिथून नंदुरबारला रेल्वे, आणि मग बोट. मास्तरांनी हे सगळं चुलीपाशी बसून सांगितलं आणि दिवलीची भाकरी तव्यावरच करपली.

फुलीबाई हसली. असं कसं जाईल तो, होळीच्या आदल्या दिवशी कारभारी यायचाय. दुपारी मास्तर शाळेतून परत येत होते तेव्हा दिवली त्यांना वाटेत गाठून उभी राहिली आणि एवढंच विचारलं, तो आपल्याकडे का राबतोय हे त्याला ठाऊक आहे का. मास्तरांच्या हातातली छत्री खाली गेली. वर्षभर क्रियापदं घोटून घेणाऱ्या या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं की ही एक गोष्ट सेबूला कुणी सांगितलेलीच नाही. त्यांना वाटलं होतं, पाड्यात राहतो, कळलंच असेल. मी आज सांगतो, ते म्हणाले. दिवलीनं सांगू नका म्हणून विनवलं. सांगितलं तर तो लाजेनं हो म्हणेल, आणि तिला लाजेचं हो नको होतं. पण मास्तर सरळमार्गी माणूस, माणसाला अंधारात ठेवून अंगणात बसवणं त्यांच्यानं होईना. त्यांनी त्याच संध्याकाळी सेबूला ओढ्याकाठी नेलं आणि सगळं सांगितलं, राबण्याचा अर्थ, होळीच्या आदल्या दिवसाची बैठक, पाण्याचा लोटा, आणि मजुरी घेतली तर सगळं तिथंच संपतं हेसुद्धा.

त्या संध्याकाळी शिकवणी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही सेबू आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. ओट्याच्या पायरीशी उभा राहून त्यानं मास्तरांना काहीतरी सांगितलं आणि आत न येता गेला. मास्तरांनी ते वीरसिंगला सांगितलं, आणि दिवलीनं जात्याचा खुंटा घट्ट धरून ऐकलं. सेबू म्हणाला होता, तुमच्या घरचं अन्न खाल्लं, पाड्यासमोर पोरीचं नाव माझ्याशी जोडलं गेलं, आता मी पळणार नाही, जे रीतीला धरून असेल ते करीन. वीरसिंगचे डोळे भरून आले. फुलीबाईनं कानशिलावर बोटं मोडली. मास्तर म्हणाले, माणूस सच्चा निघाला.

माणूस सच्चा होता, त्याबद्दल दिवलीला शंका नव्हती. पण सच्चा आहे म्हणून राहणारा माणूस तिला नको होता. सावकाराच्या दारात हात जोडून उभं राहावं तसा तो पायरीशी उभा होता, हे तिनं कुडाच्या फटीतून पाहिलं होतं. धुक्याच्या कडेला उभा होता तो असा नव्हता. असा माणूस जन्मभर घरात राहील, औत धरेल, छप्पर शाकारील, आणि दर पावसाळ्यात दरी भरली की टेकाच्या कडेला जाऊन दर्याकडे बघत उभा राहील. तिला ते सोसवणार नव्हतं. ती त्या दिवसांत धड जेवली नाही. फुईला वाटलं लग्नाच्या हरखानं जेवत नाही.

होळीचा आदला दिवस उजाडला. ढोल विस्तवावर शेकायला लावले होते, पोरं काठी गावच्या होळीला जायला अधीर झाली होती, पळस पेटला होता. दुपार कलताना नवलसिंग कारभारी चार जाणत्यांना घेऊन अंगणात आला. वीरसिंग स्वच्छ फेटा बांधून बसला. मास्तर दुभाष्या म्हणून मध्ये बसले, त्यांनी कोट घातला होता. सेबू खांद्यावर धुतलेलं फडकं टाकून आला आणि खाली जमिनीवर बसला. बायका कुडाला टेकून उभ्या होत्या. कारभाऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं, काम पुरं झालं का? वीरसिंग म्हणाला, झालं. मग सगळे दाराकडे पाहू लागले, दिवली आता लोटा घेऊन येणार म्हणून.

ती आली ती टोपली घेऊन. शिगोशीग ज्वारी भरलेली.

तिनं सेबूच्या पुढ्यात बसून त्याच्या खांद्यावरचं फडकं काढलं, जमिनीवर पसरलं आणि सगळी ज्वारी त्यात ओतली. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वर्षभर राबलास. ही तुझी मजुरी. आता तुझ्यावर या घराचा हक्क नाही. तुला जायचं तिकडे जा."

फुलीबाईनं तोंडावर हात मारला. वीरसिंगनं मान खाली घातली. कारभारी मास्तरांकडे पाहू लागला, सांगा त्याला काय म्हणाली ते. मास्तर म्हणाले, शी लेट्स यू, मग म्हणाले नाही, शी लीव्हज यू, मग तेही बरोबर वाटेना. वर्षभर दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या मास्तरांना त्या घटकेला नेमकं क्रियापद सापडेना आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. सेबूनं हातानं त्यांना थांबवलं. त्याला कळलं होतं. त्यानं फडक्याची चार टोकं गोळा करून गाठ मारली, गाठोडं पाठीवर घेतलं, वीरसिंगला वाकून नमस्कार केला आणि कुंपणाबाहेर निघून गेला. ओढ्याकडे वळताना तो दिसला, मग मोहाच्या झाडांआड गेला.

दिवली आत आली. चूल विझलेली होती, कुडाच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या जात्यावर पडल्या होत्या. ती जात्याशी बसली आणि रडली. आपण केलं ते बरोबरच केलं हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानं रडणं काही कमी होत नव्हतं. बाहेर ढोलावर कुणी तरी हलकेच थाप मारून पाहत होतं. तिला वाटलं, होळी झाली की गाडी ओढा ओलांडेल, मग घाट उतरेल, मग त्या फोटोतल्या सपाट, रिकाम्या जागेत माणूस दिसेनासा होईल. तिच्या डोळ्यांपुढे धुकं भरत आलं. त्यात डोंगरमाथे नव्हते, नुसतं पांढरं होतं.

मागचं दार करकरलं. या घरचं मागचं दार घरच्या माणसांनीच वापरायचं, पाहुण्यानं नाही, मजुरानं तर नाहीच. सेबू वर्षभरात कधी त्या दारानं आत आला नव्हता. तो वाकून आत आला. पाठीवर गाठोडं तसंच होतं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत तो थांबला, मग कोपऱ्यातल्या शेणानं लिंपलेल्या कणगीपाशी गेला, तिचं झाकण काढलं, फडक्याची गाठ सोडली आणि ज्वारी कणगीत ओतली. हळू ओतली. दाण्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. फडक्याच्या घडीत दोन-चार दाणे अडकले होते, तेही त्यानं झटकून आत टाकले. झाकण लावलं. मग तिच्याकडे वळला.

त्याला काही बोलायचं होतं, हे दिसत होतं. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली आणि सोडून दिली, पावरीत सुरुवात केली आणि सोडून दिली. आता त्याला कुणी बांधलेलं नव्हतं. गाडी परवा सकाळी निघणार होती आणि बोट त्याला मिळणार होती, आणि तरी तो इथं, या चुलीपाशी उभा होता, रिकामं फडकं हातात घेऊन. शेवटी तो पावरीतच म्हणाला, "आईला इकडे आण... आणणार. दर्या दाखवणार. तो, खालचा."

दिवलीनं डोळे पुसले नाहीत. ती उठली, माठातून लोटा भरला आणि त्याच्या पुढ्यात न ठेवता त्याच्या हातात दिला. तो उभ्यानंच गटागटा प्यायला आणि थोडं पाणी त्याच्या दाढीवरून खाली सांडलं.

बाहेर अंगणात कारभारी अजून बसूनच होता, कारण मास्तर त्याला 'लेट' आणि 'लीव्ह' यांत काय फरक असतो ते समजावून सांगत होते आणि ते स्वतःलाच पटत नव्हतं. दिवलीनं कणगीचं झाकण पुन्हा काढलं, वरवरची, नुकतीच परत आलेली ज्वारी टोपलीत घेतली, त्याच्या वाट्याचीही घेतली, आणि दिवेलागणीची वाट न पाहता दळायला बसली.